रिसीव्हर उठला की ॲम्पही उठला पाहिजे

आमच्या हॉलमधला रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा, डेनॉनचा, सात चॅनेलचा. सेंटर आणि सराउंड स्पीकर तो आरामात चालवतो. समोरचे दोन मात्र जुने, ४ ओहमचे आणि करंट खाणारे. त्यांच्यासाठी मी एक वापरलेला स्टीरिओ पॉवर ॲम्प (ॲम्प्लिफायर) घेतला. आत ५०० व्हीएचा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर, पुढे एक जाडजूड रॉकर स्विच, मागे आरसीए इनपुट, स्पीकरची टर्मिनल आणि पॉवर कॉर्ड. बस्स. रिमोट नाही, स्टँडबाय नाही, दुसऱ्या डब्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद व्हायचं ट्रिगर इनपुट तर नाहीच. रिसीव्हरच्या प्री-आउटमधून, म्हणजे बाहेरच्या ॲम्पसाठी दिलेल्या जॅकमधून, दोन वायरी काढून त्याला दिल्या आणि पहिल्याच संध्याकाळी पैसे वसूल झाले.

अडचण होती ती स्विचची. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयने जोडलेले असल्यामुळे टीव्हीचा रिमोट दाबला की रिसीव्हर आपोआप चालू होतो. ही सीईसीची करामत, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच एक डबा दुसऱ्याला चालू-बंद करतो ती सोय. प्रत्येक कंपनीने तिला आपापलं नाव दिलंय, सॅमसंगकडे एनीनेट+, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये ‘सीईसी’ शोधत बसलात तर बऱ्याचदा सापडणारच नाही. तर टीव्ही उठतो, रिसीव्हर उठतो आणि खालच्या कप्प्यातला ॲम्प ढिम्म. त्याच्यासाठी कोणीतरी वाकून स्विच दाबायचा.

बरं, ॲम्प बंद राहिलाय हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. डॉल्बीचा अपमिक्स, म्हणजे दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा मोड, लावलेला असला की मालिकेतले संवाद सेंटरमधून येतात आणि सेंटर रिसीव्हरच चालवतो. माणसं बोलताना स्पष्ट ऐकू येतात, फक्त संगीताचा जीव गेलेला असतो. आई म्हणायची, “आज गाणं शेजाऱ्यांकडे लागल्यासारखं का रे येतंय?” ते ऐकलं की मी उठायचो.

उलटी बाजू जास्त महाग. रात्री टीव्ही बंद झाला की रिसीव्हर झोपतो, ॲम्प मात्र सकाळपर्यंत तापत राहतो. प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरवर पाहिलं तर एकही स्वर वाजत नसताना तो ५५ वॉट खात होता. क्लास एबी प्रकारच्या ॲम्पच्या हिशेबात यात वावगं काही नाही. पण रात्रंदिवस चालू ठेवला तर महिन्याला जवळजवळ ४० युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला स्लॅब बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत आमचं बिल तसंही त्या रेषेला टेकलेलं असतं, तेव्हा ही चाळीस युनिटं जिव्हारी लागतात.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच होता, स्मार्ट प्लग लाव. मला तो पटला नाही, अजूनही पटत नाही. स्मार्ट प्लगला रिसीव्हर चालू झालाय की नाही हे आपणहून कळत नाही. कुठल्यातरी ॲपने, कुठल्यातरी सर्व्हरमार्फत ते त्याला सांगावं लागतं. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. ती आली की राउटर उठायला वेळ घेतो, तोवर प्लग मुका. काही प्लग वीज आल्यावर थेट ‘चालू’ अवस्थेत येतात, म्हणजे घरात कोणी नसताना ॲम्प तापत बसणार. दोन हात अंतरावरच्या दोन डब्यांमधला निरोप इंटरनेटवरून फिरवून आणायचा, हेच मुळात विचित्र वाटतं.

दुसरा पर्याय मास्टर-स्लेव्ह एक्स्टेंशन बोर्डाचा. मास्टर सॉकेटमध्ये रिसीव्हर लावायचा. त्याने ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त करंट ओढला की बोर्ड बाकीची सॉकेट चालू करतो. कल्पना छान आहे, आणि साध्या सेटअपमध्ये ती चालतेही. माझ्याकडे रिसीव्हरचं नेटवर्क स्टँडबाय आणि एचडीएमआय पास-थ्रू (रिसीव्हर बंद असतानाही चित्र-आवाज टीव्हीकडे जाऊ देणं) दोन्ही चालू असतं, त्यामुळे झोपेतला रिसीव्हरही अधूनमधून जागा असल्यासारखी वीज ओढतो. बोर्डावरचा मर्यादेचा स्क्रू कितीही फिरवला तरी ॲम्प कधी मध्यरात्री टक् करून चालू व्हायचा. बोर्ड भावाला दिला. त्याच्याकडे तो कॉम्प्युटर आणि प्रिंटरवर सुखाने नांदतोय.

काही ॲम्पमध्ये सिग्नल सेन्सिंग असतं. इनपुटला काही मिलीव्होल्टचा आवाज आला की ॲम्प जागा होतो, थोडा वेळ शांतता मिळाली की झोपतो. माझ्या ॲम्पमध्ये ती सोय नाही आणि त्याचं मला दुःख नाही. एका मित्राच्या ॲम्पमध्ये आहे. तो रात्री लेकरू झोपल्यावर आवाज बारीक करून सिनेमा बघतो. शांत प्रसंग लांबला की समोरचे स्पीकर गप्प होतात आणि पुढच्या दणक्याचा पहिला तुकडा गिळून मग परत चालू होतात.

राहिला १२ व्होल्ट ट्रिगर. पूर्वी रिसीव्हरच्या पाठीलाच एक स्विच्ड आउटलेट असायचं, रिसीव्हर चालू तर ते चालू. मात्र त्यावर बहुधा १०० वॉटच्या आसपासची मर्यादा छापलेली असायची, त्यामुळे पॉवर ॲम्पला त्याचा उपयोग नव्हताच. आता त्या जागी ३.५ मिलिमीटरचं छोटं मोनो जॅक असतं, खाली लिहिलेलं असतं ‘ट्रिगर आउट’. रिसीव्हर चालू असेल तर टोकाला १२ व्होल्ट डीसी, नाहीतर शून्य. मल्टिमीटर लावून पाहिलं, ११.९ दाखवत होतं. यात ॲप, पासवर्ड, अपडेट वगैरे काहीच नाही. बारा आहेत किंवा नाहीत.

ॲम्पला ट्रिगर इनपुट असतं तर एक मोनो केबल टोचून हा लेख इथेच संपला असता. नसल्यामुळे बारा व्होल्टवर चालणारा रिले, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आतले कॉन्टॅक्ट जोडणारा स्विच, मध्ये घालून ॲम्पचा २३० व्होल्टचा पुरवठा त्यातून न्यायचा ठरलं. खालच्या मजल्यावरचे काका कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, “आधी तुझा ट्रिगर किती करंट देतो ते बघ. रिले नंतर.” मॅन्युअल काढलं. १२ व्होल्ट, जास्तीत जास्त १५० मिलीअँपिअर. यामाहाच्या बऱ्याच रिसीव्हरवर ही मर्यादा १०० आहे. म्हणजे रिलेची कॉइल याच्या आत बसली पाहिजे.

आम्ही दोघं पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि काउंटरवर एक चौकोनी, कॉइल-कॉन्टॅक्ट नसलेला सॉलिड स्टेट रिले ठेवला. “साहेब, हा न्या. तीन ते बत्तीस व्होल्टवर चालतो, टिक् आवाज नाही, कॉन्टॅक्ट जळायची भानगड नाही.”

काकांनी तो उलटा करून चष्मा कपाळावर चढवला. “हा झिरो क्रॉसिंगचा आहे. हीटरला चालेल. ट्रान्सफॉर्मरला नको.”

“सगळे हाच नेतात, काका.”

“नेत असतील. ट्रान्सफॉर्मरला नको.”

घरी येताना त्यांनी कारण समजावलं, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वात आवडलेला भाग हाच. झिरो क्रॉसिंगचा रिले व्होल्टेज शून्यावर असतानाच जोडतो. हीटर म्हणजे नुसता रोध. त्याला व्होल्टेज शून्यावर असताना जोडलं तर करंटही शून्यापासून हळूच चढतो. ट्रान्सफॉर्मरचं उलटं आहे. व्होल्टेज शून्यावर असताना तो जोडला की कोअरमधलं चुंबकत्व पूर्ण अर्धी सायकल एकाच दिशेने वाढत जातं आणि नेहमीच्या जवळपास दुप्पट व्हायला बघतं. तेवढं झेलायची कोअरची ऐपत नसते. कोअर संपृक्त झाला की करंट अडवायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. माझ्या ॲम्पचं प्रायमरी वाइंडिंग मोजलं तर जेमतेम ३ ओहम भरलं. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टचं. भागाकार करून बघा. घरातल्या वायरिंगचा रोध धरला तरी पहिल्या झटक्याला कित्येक दहा अँपिअर जातात. टोरॉइडमध्ये हवेची फट नसल्यामुळे मागच्या वेळचं उरलेलं चुंबकत्वही त्यात भर घालतं. म्हणजे झिरो क्रॉसिंगचा रिले ट्रान्सफॉर्मरसाठी नेमका सर्वात वाईट क्षण निवडतो, तोही न चुकता दर वेळी.

स्वस्तातला छोटा शुगर क्यूब रिलेही काकांनी बाद केला. त्याची कॉइल फक्त ३० मिलीअँपिअर घेते खरी, पण १० अँपिअरचे कॉन्टॅक्ट अशा झटक्यांनी एक दिवस वेल्ड होऊन चिकटतात आणि मग ॲम्प बंदच होत नाही. आम्ही ३० अँपिअरचा रिले घेतला. कॉइल १६० ओहमची, म्हणजे १२ व्होल्टला ७५ मिलीअँपिअर. डेनॉनला आरामात, यामाहालाही चालला असता, थोडा काठावर.

बाकीची जुळणी साधी. प्लास्टिकचा बंद जंक्शन बॉक्स. एका बाजूने भिंतीकडून येणारी तीन पिन कॉर्ड, दुसऱ्या बाजूने ॲम्पकडे जाणारं सॉकेट, दोन्हीकडे केबल ग्लँड, म्हणजे वायर ओढली गेली तरी आतलं टर्मिनल सुटत नाही. रिलेमधून फक्त फेज तोडायचा. न्यूट्रल सरळ, अर्थिंग तर अखंडच गेलं पाहिजे. फेजला आधी फ्यूज. कॉइलवर उलटा लावलेला १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. रिले सुटताना कॉइल उलट्या व्होल्टेजचा जो फटका मारते, तो डायोड जागच्या जागी जिरवतो. त्याच्याविना तो फटका रिसीव्हरच्या ट्रिगर सर्किटवर जातो. दहा रुपयांच्या आतला डायोड वाचवून लाखाच्या रिसीव्हरशी खेळू नये. २३० व्होल्टकडचं सगळं काकांनी स्वतःच्या हाताने केलं, मी टॉर्च धरला. ज्यांच्याकडे असे काका नाहीत त्यांनी लायसनवाल्या वायरमनला बोलवावं. यूट्यूब बघून हे काम करायचं नसतं.

आधी ॲम्पच्या जागी ६० वॉटचा बल्ब लावून पाहिलं. रिसीव्हर चालू, टक्, बल्ब चालू. रिसीव्हर बंद, बल्ब बंद. मग खरा ॲम्प लावला, त्याचा रॉकर स्विच कायमचा ‘ऑन’ करून ठेवला. चालला. पण अधूनमधून चालू होतानाच हॉलचा एमसीबी पडायचा. रिले तो झटका सोसत होता, एमसीबीला सोसवत नव्हता. आमच्याकडे बी प्रकारचा १० अँपिअरचा एमसीबी आहे. तो त्याच्या आकड्याच्या तीन ते पाचपट झटक्याला पडतो. सी प्रकारचा पाच ते दहापटीपर्यंत थांबतो. नुसता एमसीबी बदलून भागलं असतं, पण काकांचं मत पडलं की रोग मुळातच थांबव. म्हणून बॉक्समध्ये एक सॉफ्ट स्टार्ट बोर्ड वाढवला. पहिला सेकंदभर ४७ ओहमचा जाड रोध वाटेत राहतो, त्यामुळे झटका ७ अँपिअरच्या आसपासच अडतो. मग बोर्डावरचा रिले त्या रोधाला वळसा घालून पूर्ण पुरवठा देतो. त्यानंतर एमसीबी एकदाही पडलेला नाही. आता चालू करताना दोन टक् ऐकू येतात, आणि तिसरा ॲम्पच्या स्वतःच्या स्पीकर प्रोटेक्शन रिलेचा, तीन-चार सेकंदांनी.

तो तिसरा उशीर फार कामाचा आहे. नियम जुना आहे, ॲम्प सगळ्यांच्या शेवटी चालू करायचा आणि सगळ्यांच्या आधी बंद. म्हणजे इतर डब्यांचे खटके स्पीकरपर्यंत पोचत नाहीत. ट्रिगरवर सगळं जवळपास एकाच वेळी घडत असलं तरी प्रोटेक्शन रिले जोडला जाईपर्यंत रिसीव्हर स्थिरावलेला असतो. बंद होताना वूफरमधून एक बारीक धप् येतं. मुद्दाम कान देऊन बसलं तरच कळतं, म्हणून सोडून दिलं.

रिसीव्हरच्या मेनूत ट्रिगर कोणत्या झोनला आणि कोणत्या इनपुटला द्यायचा हे टिक करून ठरवता येतं. मी मेन झोन आणि सगळी इनपुट टिक केली. रिसीव्हर स्टँडबायमध्ये राहून एचडीएमआय पास-थ्रू करत असताना ट्रिगर शून्यच राहतो, हे मल्टिमीटरने तपासून घेतलं. मास्टर-स्लेव्ह बोर्ड गोंधळायचा तो इथेच. वीज जाऊन आली तर रिसीव्हर स्टँडबायमध्ये येतो, बारा व्होल्ट नाहीत, ॲम्प बंद. गुरुवारचा प्रश्नच मिटला.

एक फायदा अनपेक्षित मिळाला. मघाच्या मित्राने नंतर सिग्नल सेन्सिंगला कंटाळून त्याच्या ॲम्पच्या ट्रिगर इनपुटला केबल लावली, तर स्पीकरमधून घूं असा हम सुरू झाला. केबल काढली की बंद. त्या केबलमुळे रिसीव्हर आणि ॲम्प यांच्या ग्राउंडमध्ये आणखी एक वाट तयार झाली होती. चांगल्या ॲम्पमध्ये ट्रिगर इनपुटच्या मागे ऑप्टोकपलर, म्हणजे निरोप तारेऐवजी प्रकाशाने देणारा भाग, असतो, त्याच्यात नसावा. माझ्याकडे कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यात विजेचा संबंधच नाही, त्यामुळे हम यायला वाट नाही. त्यालाही आता तसाच एक छोटा रिले मध्ये घालून देणार आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रिमोट दाबते, मालिका लागते. परवा मात्र म्हणाली, “हल्ली जाहिराती फार मोठ्यानं लागतात.”

आता उरलाय सबवूफर. तो स्वतःच्या ऑटो मोडवर आहे आणि बातम्या लागल्या की झोपी जातो. त्याला ट्रिगर इनपुट आहे, आणि १५० पैकी ७५ मिलीअँपिअर अजून शिल्लक आहेत. मोनो स्प्लिटर आणि तीन मीटर केबल आणून ठेवली आहे, रविवारी कप्पा पुढे ओढून लावायची.