सहा महिने, पाच कादंबऱ्या, आणि त्याही मोठ्यानं

मागच्या वर्षी जूनपर्यंत माझ्या वहीत अकरा कादंबऱ्यांची नोंद होती. या वर्षी पाच. आळस नाही, कारण आई आहे.

तिच्या नजरेच्या मधोमध आता डाग आलाय. कडेचं सगळं दिसतं, समोरची ओळ मात्र दिसत नाही. जन्मभर हातात पुस्तक घेऊन झोपलेली बाई. फोनवर ऑडिओबुक लावून दिलं, तर दुसऱ्या दिवशी फोन परत. "तो माणूस बातम्या देऊन राहिला आहे," म्हणाली. मग जानेवारीपासून ठरलं: दिवाबत्ती झाली की तासभर मी वाचायचं, तिनं ऐकायचं.

आधी वेगाचं सांगते, कारण आपल्या वाचणाऱ्यांत पहिला प्रश्न तोच असतो. मनात वाचताना तासाला चाळीसएक पानं होतात. मोठ्यानं सुरुवातीला सोळा, फार तर अठरा. चाळिसाव्या मिनिटाला घसा बसतो. पहिल्या आठवड्यात मी पात्रांना निरनिराळे आवाज काढायचे, ते तिनं लगेच बंद केलं: "गणेशोत्सवातलं नाटक नको. सरळ वाच." सरळ वाचणं अवघड निघालं. डोळ्यांनी वाचताना आपण किती ओळी नुसत्या ओलांडून जातो, ते तोंडाला काम लागल्यावर कळतं. निसर्गवर्णनं मी आयुष्यभर चोरून वगळत आलेय, असा शोध मला या वयात लागला.

सुरुवात 'बनगरवाडी'नं केली. छोटी आहे आणि घरातल्या प्रतीचा टाइप मोठा आहे, एवढंच कारण. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 ची कादंबरी चौथ्यांदा वाचत होते, पण हे पहिल्यांदाच जाणवलं की वाक्य जिथं संपतं तिथंच श्वासही संपतो. दम लागत नाही. तरणा मास्तर, कारभारी, चोऱ्या करणारा आनंदा रामोशी, सगळे आईनं दोन संध्याकाळीत ओळखीचे करून घेतले. तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो तिथं तिनं मला थांबवलं. माडगूळकरांचा मुलूख औंध संस्थानातला. त्या औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी 1935 साली आपल्या इंदूरला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले होते, आणि आजोबा तेव्हा मंडपात पाणी देत होते, ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. पण मेंढपाळांच्या वाडीवर येणारा राजा आणि रामबागेतल्या आमच्या घरातला तो किस्सा मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. दुष्काळात वाडी रिकामी होत जाते, तो भाग एका बैठकीत संपवला. आई काही बोलली नाही, फक्त पंखा बंद करायला सांगितला.

'सावित्री' चार दिवसांत झाली. पु. शि. रेग्यांची ही कादंबरी म्हणजे सावित्रीनं लिहिलेली पत्रं, मोठ्यानं वाचायला गोड, नको इतकी गोड. मोर हवा म्हणून आपणच मोर व्हायचं, ती लच्छीची गोष्ट मी पूर्वी वहीत उतरवून ठेवली होती. आईचा प्रश्न वेगळाच: "हिला उत्तरं कोण देतं?" उत्तरं पुस्तकात नाहीतच, म्हटलं. "मग बरोबर आहे. बाईच्या पत्रांना उत्तरं येत नाहीत." यावर तिच्याशी वाद घालायची माझी छाती झाली नाही.

'रणांगण'नं मला अडचणीत आणलं. विसाव्या वर्षी मी या कादंबरीच्या प्रेमात होते. विश्राम बेडेकरांचं 1939 चं पुस्तक, युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि त्यात चक्रधर नि हॅर्टा. तेव्हा मला फक्त हॅर्टा दिसली होती. आता गोची अशी की सगळी कादंबरी चक्रधर 'मी' म्हणून सांगतो, आणि तो 'मी' रोज माझ्या तोंडून निघत होता. मनात वाचताना त्याच्या तुटकपणाला मी दुःख म्हणत आले. मोठ्यानं वाचताना ते दुःख कमी आणि स्वतःचे लाड जास्त वाटायला लागले. समोर माणसांचा देश गेलाय आणि हा आपल्या जुन्या प्रेमभंगाला कुरवाळतोय. तिसऱ्या दिवशी आई म्हणालीच, "या माणसाला कुणी दोन ठेवून द्या." शेवट इथं सांगत नाही, वाचला नसेल तर वाचा. कादंबरी माझ्या नजरेतून उतरली नाही. उलट, चक्रधर कसा आहे हे बेडेकरांना पुरतं माहीत होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

मग 'धग'. वऱ्हाडी आहे, आईला जड जाईल, असं मला वाटत होतं. लायब्ररीची प्रत होती, तिच्यात एक फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांची जुडी) उलटा बांधलेला, त्यामुळे सोळा पानं पुस्तक डोक्यावर उभं करून वाचली. शिवाय आधीच्या कुणा वाचकानं समासात पेन्सिलीनं अवघड शब्दांचे हिंदी अर्थ लिहून ठेवलेले. इंदूरची लायब्ररी आहे, चालायचंच. पहिल्या दहा पानांत मी अडखळत होते. एखादा संवाद नीट लागत नव्हता, तो मी मनातल्या मनात पुणेरी करून मग वाचायचे. आईनं पकडलं. "तू बदलून का राहिली? लिहिलंय तसं वाच ना."

आणि तिथं माझी ट्यूब पेटली. 'करून राहिली', 'बोलून राहिला' हे आम्ही रोज घरात बोलतो. पुण्याच्या मावसबहिणी त्यावर आयुष्यभर हसल्या, 'तुमची हिंदी मराठी' म्हणून. म्हणून मी बाहेर बोलताना, लिहिताना ते गाळून 'करते आहे' म्हणायला शिकले. पण वऱ्हाड-नागपूरकडेही माणसं असंच बोलतात. उद्धव शेळक्यांच्या या 1960 च्या कादंबरीतली कौतिक ही मला परक्या बोलीतली बाई वाटायला हवी होती, ती आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंसारखी वाटली. जीभ सैल सोडल्यावर वेग तासाला वीस पानांवर गेला, या सहा महिन्यांतला सगळ्यात जास्त. जी प्रमाण मराठी मी 'सोपी' समजत होते, तिच्यात सोळा. जी 'अवघड', तिच्यात वीस. हा हिशेब वहीत दोनदा तपासला.

कादंबरी स्वतः भयंकर आहे. कौतिक संसार सावरायला उठते आणि प्रत्येक वेळी काहीतरी कोसळतं. महादेवसारखा नवरा असल्यावर दैवाला फारसं काम उरत नाही. शेळके कुठंही आपल्याला रडवायला थांबत नाहीत, हीच त्यांची ताकद. पण सलग वाचू नका. आम्ही मध्ये दोन दिवस सुट्टी घेतली आणि सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन आलो.

'कोसला' सगळ्यात शेवटी, मे-जूनमध्ये, म्हणजे ऐन उकाड्यात. नेमाड्यांची 1963 ची ही कादंबरी कॉलेजात डोक्यावर घेतलेली. या खेपेला आधी फजितीच. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' छापील पानावर मजा आणतात, पण तोंडानं म्हणताना पहिले दोन दिवस मी उखाणा घेतल्यासारखी अडकत होते. तिसऱ्या दिवशी युक्ती सापडली: 'वगैरे'वर आवाज खाली सोडायचा, हात झटकल्यासारखा. त्यानंतर पांडुरंग सांगवीकर धावायलाच लागला. आईला तो अजिबात आवडला नाही. बापाचे पैसे उधळतो, बापावरच चिडतो, हॉस्टेलवर पडून राहतो. "अशी दोन पोरं आपल्या घरात होऊन गेली," म्हणाली. (त्यातला एक माझा भाऊ. दुसरा कोण ते तिनं सांगितलं नाही.) डायरीच्या भागात तिला डुलकी लागली, आणि खरं सांगायचं तर मीही काही पानं चोरली.

पण मनी. देवीच्या रोगानं पांडुरंगची ही धाकटी बहीण जाते, तो भाग. मला तो येणार हे माहीत होतं, आधल्या रात्री एकटीनं वाचून तयारीही केली होती. तरी निम्म्यात आवाज गेला. पाणी प्यायले, परत सुरू केलं, परत गेला. आईला माझा चेहरा दिसत नाही, कड तेवढी दिसते.

"तू रडून राहिली का?"

हो म्हटलं.

"मग थोडं थांबून वाच. पण वाच."

वाचलं. त्या संध्याकाळी सहाच पानं झाली. वहीत तेवढीच नोंद आहे.

पुढचं. 'तुंबाडचे खोत' आईनं नाकारली: दोन खंड ऐकता ऐकता माझा नंबर लागेल, म्हणाली. त्याऐवजी शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'क्षिप्रा' हाती आलीय, 1954 ची. हिंदीवाल्यांचे कवी गजानन माधव मुक्तिबोध ते यांचे थोरले भाऊ. एका घरातला एक हिंदीत गेला, एक मराठीत राहिला. पुढचे 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' हे भाग अजून मिळालेले नाहीत. कुणाकडे असतील तर कळवा, कव्हर घालून परत करते.

नाव ऐकून आई उठून बसली. उज्जैनच्या नदीवर मराठी कादंबरी आहे आणि इतकी वर्षं आपण वाचली नाही, याचा तिला राग आला, आणि तो माझ्यावर निघाला. मग म्हणाली, "आधी दोन पानं वाचून दाखव. त्यातली माणसं बोलून कशी राहिली आहेत, ते ऐकू दे."

सोमवारपासून सुरू.