दोनशे रूबलची फी

रशियातल्या शिक्षणाचा विषय निघाला की मला आधी निकोलाय बोगदानोव-बेल्स्की यांचे १८९५ सालचे एक चित्र आठवते. खेड्यातली शाळा, फाटके सदरे घातलेली शेतकऱ्यांची मुले आणि फळ्यावर एक तोंडी गणित: दहा ते चौदा या संख्यांच्या वर्गांची बेरीज करून तिला ३६५ ने भागायचे. पहिल्या तीन वर्गांची बेरीज ३६५ आणि उरलेल्या दोघांचीही ३६५, म्हणून उत्तर दोन. ते एक मुलगा गुरुजींच्या कानात सांगतो आहे. हे गुरुजी म्हणजे सेर्गेई राचिन्स्की; मॉस्को विद्यापीठातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी सोडून ते खेड्यात शिकवायला आले होते.

अशा मुलांनी पुढे शिकावे, असे मात्र झारच्या सरकारला वाटत नव्हते. गाडीवान, स्वयंपाकिणी, धोबिणी यांची मुले, अगदीच असामान्य बुद्धीची नसतील तर, जिम्नॅशियममध्ये, म्हणजे विद्यापीठाची वाट उघडणाऱ्या माध्यमिक शाळेत, घेऊ नयेत, असे परिपत्रक शिक्षणमंत्री देल्यानोव यांनी १८८७ मध्येच काढले होते. १८९७ च्या जनगणनेत साक्षरता २१ टक्क्यांच्या आसपास भरली. डिसेंबर १९१९ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, बोल्शेविकांच्या नव्या सत्तेने ८ ते ५० वर्षांच्या प्रत्येक निरक्षराला लिहायला-वाचायला शिकणे सक्तीचे केले, आणि पुढच्या वीस वर्षांत तो देश खरोखरच वाचू लागला. या कामाचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही.

पण १९४० चे काय? १९३६ च्या राज्यघटनेने उच्च शिक्षणासकट सगळे शिक्षण मोफत असल्याचे म्हटले होते. २ ऑक्टोबर १९४० रोजी मात्र आठवी ते दहावीच्या वर्गांना फी लागू झाली: मॉस्को, लेनिनग्राड आणि प्रजासत्ताकांच्या राजधान्यांत वर्षाला २०० रूबल, इतरत्र १५०. सामुदायिक शेतीवर राबणाऱ्याला मोबदला बहुतांशी धान्यातच मिळत असे. त्याने ही रोकड कुठून आणायची? त्याच दिवशी दुसरा हुकूमही निघाला. दरवर्षी आठ ते दहा लाख किशोरवयीन मुलांना कारखान्यांच्या प्रशिक्षणशाळांत घ्यायचे आणि शिकून झाल्यावर सरकार नेमून देईल तिथे त्यांनी चार वर्षे काम करायचे. हे दोन्ही हुकूम शेजारी ठेवून वाचले म्हणजे सरकारचा हिशेब लख्ख दिसतो: उद्योगांना हात हवे होते आणि फीमुळे शाळेबाहेर पडलेली मुले ते हात पुरवणार होती. ही फी रद्द व्हायला १९५६ साल उजाडले.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरचे नियंत्रण उठले तेव्हा मात्र सरकारी हिशेबात शाळेला जागाच उरली नाही. शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकले, आणि कित्येक शिक्षक चौकटीच्या मोठ्या पिशव्या घेऊन बाजारात परदेशी कपडे विकू लागले. १९९३ च्या राज्यघटनेने उच्च शिक्षण मोफत ठेवले, पण स्पर्धेतून जागा मिळवणाऱ्यांपुरतेच. २००९ पासून सक्तीच्या झालेल्या देशव्यापी परीक्षेमुळे सैबेरियातल्या लहान गावातला मुलगा घरी बसून मॉस्कोच्या विद्यापीठात अर्ज करू शकतो, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. गुण थोडे कमी पडले, तर मात्र तीच पदवी त्याला पैसे भरून घ्यावी लागते.