कूपरस्टाउनला जाताय? मोटरहोम गावाबाहेर ठेवा

कूपरस्टाउन हे न्यूयॉर्क राज्यातलं, दोन हजारांहूनही कमी वस्तीचं गाव. ओट्सेगो तळ्याच्या दक्षिण टोकाला वसलेलं. सस्क्वेहाना नदी इथूनच निघते. पण गर्दी असते ती मेन स्ट्रीटवरच्या नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेमपाशी, म्हणजे थोर बेसबॉलपटूंचा मान करणाऱ्या संग्रहालयापाशी. मी पिट्सबर्गला वाढलो, लहानपणापासून तिथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा चाहता. निवृत्तीनंतर बायको म्हणाली, "आता एकदा जाऊनच ये, म्हणजे रोज ऐकायला नको." शेवटी तीही आली, पण मोटरहोमच्या हौसेने. बेसबॉलशी तिचं काही देणंघेणं नाही.

आमची गाडी भाड्याची, क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराचं मोटरहोम. पिट्सबर्गहून आय-80, मग आय-81 ने बिंगहॅम्टन, तिथून आय-88, आणि एक्झिट 17 ला उतरून रूट 28 ने उत्तरेला. आय-88 वर चढउतार भरपूर आहेत. उतारावर सारखा ब्रेक दाबू नका, खालचा गिअर टाका. न्यूयॉर्क शहराच्या बाजूने येणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. तिथल्या पार्कवेंवरचे (फक्त छोट्या गाड्यांसाठीच्या रस्त्यांवरचे) पूल ठेंगणे आहेत, आणि प्रोपेनच्या टाकीची गाडी लिंकन किंवा हॉलंड बोगद्यातून नेता येत नाही. फोनवरचा साधा नकाशा यातलं काही सांगत नाही. छतावरच्या एसीसकट गाडीची उंची कागदावर लिहा आणि डॅशबोर्डला चिकटवून ठेवा.

गावात मोटरहोम आणायचा विचारच सोडा. मेन स्ट्रीट अरुंद, पार्किंग छोट्या गाड्यांनाही मिळत नाही. गावाच्या वेशीवर मोठी पार्किंगं आहेत आणि उन्हाळ्यात तिथून ट्रॉली बस सुटते. लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) ती बहुधा शनिवार-रविवारीच असते, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघून घ्या. मुक्कामासाठी तळ्याच्या उत्तर टोकाला ग्लिमरग्लास स्टेट पार्क आहे, शिवाय आसपास खासगी कॅम्पग्राउंडंही आहेत. बुकिंग करताना त्या जागेवर विजेची जोडणी आहे का, हे आधी विचारा. जनरेटर रात्री चालवू देत नाहीत.

कधी जावं? जुलैअखेरीस नव्या मानकऱ्यांचा सोहळा असतो. 2007 साली कॅल रिपकेन आणि टोनी ग्विन यांच्या वेळी 75 हजारांच्या आसपास माणसं आली होती. एवढ्याशा गावात! एरवी उन्हाळाभर 12 वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा चालतात, त्यामुळे गणवेशातली पोरं आणि त्यांचे आईबाप सगळीकडे. मला ती जत्रा आवडली. शांतपणे बघायचं असेल तर सप्टेंबर गाठा.

आत गेल्यावर थेट मानकऱ्यांच्या ब्राँझच्या पाट्यांच्या दालनात घुसू नका. आधी वरचे मजले बघा. तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंचाही इतिहास आहे. त्यातला जॉश गिब्सन हा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या संघांचा, म्हणजे आमच्याच गावचा. वर्णभेदामुळे मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, एक सामनाही खेळू न शकलेला. 1972 साली त्याला इथे मान मिळाला, आणि 2024 मध्ये नीग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांचे, आकडे अधिकृत नोंदीत धरल्यावर कारकिर्दीतल्या सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा विक्रम टाय कॉबकडून त्याच्याकडे आला: .372, म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींत साधारण 372 यशस्वी फटके (हिट). कृष्णवर्णीय खेळाडूंवरच्या दालनात मी सकाळ घालवली, आणि तेवढा वेळ लागतोच.

मग खाली या. ओकच्या भिंतींवर ओळीने पाट्या. मला शोधायची होती आमच्या पायरेट्सच्या रोबेर्तो क्लेमेंतेची. 1972 च्या मोसमाअखेरीस त्याचा 3000 वा हिट झाला आणि 31 डिसेंबरला, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. खेळ थांबल्यावर पाच वर्षं वाट बघण्याचा नियम बाजूला ठेवून 1973 मध्येच त्याला आत घेतलं. पण त्या पाटीवर त्याच्या आईकडचं आडनाव मधे घातलं होतं. 2000 साली नवी पाटी करून ते स्पॅनिश रीतीप्रमाणे शेवटी नेलं. अमेरिकी फॉर्मवर वडिलांचं नाव कोंबताना हैराण झालेल्या मराठी माणसाला यातलं दुःख वेगळं सांगायला नको. संध्याकाळी बंद व्हायच्या आधी हे दालन रिकामं होतं. तेव्हाच जा.

एक गंमत. हॉल ऑफ फेम याच गावात का? तर 1839 साली ॲबनर डबलडेने इथे बेसबॉल शोधला, असा निवाडा 1907 साली एका आयोगाने दिला म्हणून. प्रत्यक्षात त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होता. दंतकथा खोटी, पण संग्रहालय 1939 साली उघडलं आणि टिकलं. बायको तोवर तळ्याकाठच्या फार्मर्स म्युझियममध्ये कार्डिफ जायंट बघून आली होती. हा जिप्समचा दहा फुटी पुतळा. 1869 मध्ये 'अश्मीभूत माणूस' म्हणून लोकांना दाखवून पैसे उकळले होते. "एकाच गावात दोन थापा," ती म्हणाली, "आणि माझी जास्त देखणी." ज्यांना खेळात रस नाही त्यांच्यासाठी हे आणि समोरचं फेनिमोर आर्ट म्युझियम धरून दिवस मजेत जातो.

डबलडे फील्डवर हौशी संघांचा सामना चालू असेल तर स्टँडमध्ये जरूर बसा. दोन्ही संघ अनोळखी असले तरी तिसऱ्या डावापर्यंत तुम्ही कुणाची तरी बाजू घेतलेली असते.

परत निघताना टाक्या कॅम्पग्राउंडवरच रिकाम्या करा: आधी संडासाची, मग सिंकची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालून. आणि पेट्रोल आय-88 ला लागण्याआधीच भरून घ्या; ही गाडी गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल देते.