नोंद ३: अखेर ९३५ रुपये उरले

मंडळी, शनिवारच्या पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमाचा हिशोब आत्ता लागला. शिल्लक ९३५ रुपये. हसू नका, पहिल्या कार्यक्रमात ६,४०० आणि दुसऱ्यात २,९०० पदरचे गेले होते.

पहिल्या वेळी सगळे करतात तेच केलं होतं. मोठं सभागृह, शाल-श्रीफळ, तीन पाहुण्यांची भाषणं, प्रवेश मोफत. ८० माणसं आली आणि ११ प्रती खपल्या. निम्मे लोक लेखकाचे नातेवाईक. त्यांना प्रती भेट गेल्या, त्याही माझ्याच गठ्ठ्यातून!

या वेळी दादरला ३५ खुर्च्यांची खोली घेतली. वारही शनिवार, कारण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की डोंबिवली-कल्याणची माणसं घराबाहेर पडत नाहीत. भाषण एकही नाही. लेखिकेने ४० मिनिटं कथा वाचल्या, मग गप्पा. तिकीट १५०, त्यातले १०० पुस्तक घेतल्यास वळते. हे कूपन कामी आलं. शंभराची चिठ्ठी हातात असली की ती वाया घालवायचं जिवावर येतं. ३४ तिकिटं गेली, २६ कूपनं परत आली, प्रती खपल्या २९.

जमा: तिकिटांचे ५,१०० आणि २०० रुपयांच्या २९ प्रतींचे, कूपनं वजा जाता, ३,२००. खर्च: खोली २,०००, वडा-चहा १,४००, लेखिकेचं मानधन १,५००, छपाई प्रतीमागे ८५ प्रमाणे २,४६५. वितरकाला किमतीतले ४५ टक्के सोडून याच प्रती दिल्या असत्या तर छपाई वजा जाता ७२५ सुटले असते, आणि तेही सहा महिने फोन केल्यावर.

घोळ मात्र झालाच. विक्रीचं टेबल मी हौसेने वड्यांच्या शेजारी मांडलं होतं. एक काका पुस्तक उचलायला आले, बोटांवरची लाल चटणी पाहिली आणि हात मागे घेतला. रुमाल सापडेपर्यंत त्यांची फास्ट लोकलची वेळ झाली. गेले! आता सह्या आधी, वडे शेवटी. शिवाय खोलीत रेंज नव्हती, म्हणून क्यूआर बाहेर पॅसेजमध्ये चिकटवला. पैसे भरायला बाहेर गेलेले दोघे तिथूनच घरी गेले. पुढच्या वेळी नाव नोंदवतानाच पुस्तकाचे पैसे घेणार.

पुढचा बेत १५ ऑक्टोबरच्या, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाच्या, आठवड्यातला. तेव्हा प्रकाशन नाही, मुद्रितशोधनाची, म्हणजे प्रुफं तपासायची, कार्यशाळा. १२ जणच, फी ४००. छपाईचा खर्च नाही आणि न खपलेले गठ्ठे घरी वाहून आणायला नकोत.

कुणाकडे घडीचं टेबल पडून असेल तर कळवा. माझ्याचा एक पाय आखूड आहे. शनिवारभर त्याखाली जुन्या दिवाळी अंकाची घडी होती.