मध्यक की मध्यांक?

४, ७, ९, १२, १८. बेरीज ५०, सरासरी १०, मधला आकडा ९. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत लिहिते, 'मध्य १०, मध्यक ९'. बालभारतीच्या पुस्तकात तिने हेच शब्द वाचलेत. तपासणाऱ्याने मात्र मानसशास्त्राच्या किंवा बी.एड.च्या मराठी पुस्तकांतून सरासरीला 'मध्यमान' आणि मधल्या आकड्याला 'मध्यांक' हे शब्द उचललेले असतात. गठ्ठा मोठा, वेळ कमी. 'मध्य' म्हणजे मधला आकडा असं धरून तो ९ शोधतो, समोर १० दिसतात, आणि फुली पडते. मुलीचं गणित बरोबर, तिची मराठी बरोबर, तपासणाऱ्याच्या मनातही वाकडं काही नाही. तरी गुण गेले.

मराठीत उत्तरं लिहायची परवानगी दिली की विद्यापीठ दोन भाषांचं झालं, असं आपल्याकडे धरून चालतात. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी परीक्षेत स्थानिक भाषेत लिहू द्या. पाऊल चांगलंच आहे. सातारा-सांगली भागाला तर त्याची फार गरज होती. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे, आणि साताऱ्यात २०२१ पासून रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे. जत, आटपाडी, माण, खटावकडून येणारी कितीतरी मुलं शाळाभर मराठीत शिकलेली असतात. वर्गात सर बोलतात मराठीत, फळ्यावर लिहितात इंग्रजीत, आणि वहीत दोन्हींची सरमिसळ उतरते. परीक्षेला बसताना त्या सरमिसळीतून एक भाषा निवडायची असते.

ही निवड खरी ठरायला परवानगीच्या पाठीशी तीन गोष्टी लागतात. परिभाषा, म्हणजे विषयातल्या कल्पनांचे मराठी शब्द, ठरलेली हवी. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत नीट काढलेली हवी. आणि मराठीतला पेपर मराठी परिभाषा माहीत असलेल्याच्याच हातात जायला हवा. यातली एक जरी राहिली तरी फटका मराठीत लिहिणाऱ्याला बसतो. पुढच्या सेमिस्टरला तो निमूटपणे इंग्रजीतून पाठ करायला लागतो, आणि मग 'मराठीला मागणीच नाही' असं म्हणायला सगळे मोकळे.

कॅनडाकडे बघण्यासारखं आहे ते यासाठी. तिथे १९६९ च्या कायद्याने केंद्रात इंग्रजी आणि फ्रेंचला समान दर्जा मिळाला, पण शिक्षण प्रांतांकडे असल्यामुळे प्रत्येक विद्यापीठाला आपली घडी वेगळी बसवावी लागली. ओटावा विद्यापीठ १८४८ मध्ये मिशनऱ्यांचं कॉलेज म्हणून सुरू झालं. १९६५ च्या प्रांतिक कायद्याने ते सार्वजनिक झालं, आणि द्विभाषिकतेची जबाबदारी त्याच कायद्यात लिहिली गेली. वर्ग कोणत्याही भाषेचा असो, लेखी काम आणि परीक्षा विद्यार्थी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये देऊ शकतो. जिथे भाषाच शिकवायची आहे असे पेपर तेवढे अपवाद.

त्यांची एक साधी युक्ती मला फार मोलाची वाटते. पेपरच्या चार अंकी कोडमधला दुसरा अंक भाषा सांगतो. १ ते ४ असेल तर इंग्रजी, ५ ते ८ असेल तर फ्रेंच. कलनशास्त्राचा सुरुवातीचा पेपर इंग्रजीत 'मॅट १३२०' आणि फ्रेंचमध्ये 'मॅट १७२०'. रसायनशास्त्राचा 'सीएचएम १३११', आणि त्याचाच जोडीदार 'सीएचएम १७११'. एवढ्या एका अंकाने वेळापत्रक, प्रश्नपत्रिकांची पाकिटं, गुणांच्या याद्या आपोआप भाषेप्रमाणे वेगळ्या होतात. कोणत्या भाषेत किती मुलं बसली हे मोजायला वेगळी समिती नेमावी लागत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही माध्यमांना एकच कोड असतो. म्हणून मराठीत किती मुलांनी लिहिलं आणि त्यांचा निकाल काय लागला, हे विचारलं तर सांगायला कुणाकडे आकडाच नसतो.

तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. सडबरीचं लॉरेन्शियन हे दोन्ही भाषांचं सार्वजनिक विद्यापीठ फेब्रुवारी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेलं, आणि एप्रिलमध्ये त्याने ६९ अभ्यासक्रम बंद केले. त्यांतले २८ फ्रेंच होते. दोन्ही भाषांत चालणारा सुईणीच्या शिक्षणाचा अभ्यासक्रमही त्यात गेला. कारण समजायला अवघड नाही. लहान भाषेच्या वर्गात मुलं कमी असतात, डोईखर्च जास्त दिसतो, आणि कात्री घेऊन बसलेला माणूस पट बघतो. यातून आपल्या उपयोगाचं एवढं घेता येईल, की प्रत्येक विषयाचे दोन वर्ग चालवणं महाग आहे आणि पटावर अवलंबून आहे. प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि परिभाषा दोन भाषांत ठेवणं त्या मानाने फार स्वस्त पडतं. एक मूल असलं तरी ते करता येतं. मॉन्ट्रियलचं मॅकगिल विद्यापीठ इंग्रजी, तरी तिथला विद्यार्थी लेखी काम फ्रेंचमध्ये देऊ शकतो. शिकवणी एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत, आपल्या कॉलेजांना झेपणारा नमुना हाच.

आता परिभाषा. न्यू ब्रन्सविक या प्रांतातल्या मॉन्क्टन विद्यापीठाने १९७८ मध्ये कायद्याचं शिक्षण फ्रेंचमध्ये सुरू केलं. शिकवायचा होता इंग्लंडातून आलेला कॉमन लॉ, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेला कायदा, आणि त्याचे शब्द शेकडो वर्षं इंग्रजीतच घडलेले. फ्रान्सचा कायदा निराळा, त्यामुळे पॅरिसचे कायद्याचे शब्द जसेच्या तसे उचलता येत नव्हते. वर्षभरातच, म्हणजे १९७९ मध्ये, विद्यापीठाने कायद्याच्या भाषांतराचं आणि परिभाषेचं स्वतंत्र केंद्र उभं केलं.

हैदराबादमध्ये क्रम याहून चोख होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, आणि त्याचं भाषांतर कार्यालय १९१७ चं. आधी शब्द आणि पुस्तकं, मग वर्ग. त्यातला एक अन्याय विसरता येत नाही. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे बहुसंख्य असताना माध्यम उर्दू होतं. पण वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा एका भारतीय भाषेत शिकवता येते, हे तिथे १९४८ पर्यंत प्रत्यक्ष दिसलं.

आणि हेच काम साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, कृष्णाकाठी वाईत झालं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्या खंडाच्या आधी अठरावा खंड छापला गेला. तो परिभाषासंग्रह, १९७३ चा. पहिला खंड आला १९७६ मध्ये. हजारो नोंदी वेगवेगळ्या लेखकांकडून यायच्या होत्या. कुणी एका कल्पनेला एक शब्द वापरावा आणि कुणी दुसरा, हे चालणार नव्हतं, म्हणून शब्द आधी ठरवले. भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोशही आहेत आणि ते आता सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शब्द नाहीत ही आपली अडचण नाहीच. एका कल्पनेला दोन-तीन शब्द आहेत, आणि पेपर काढणारा, शिकवणारा, तपासणारा हे तिघे वेगवेगळा शब्द धरतात, ही अडचण आहे. विषय बदलला की शब्दही बदलतो. शाळेच्या भूमितीत 'मध्यगा' म्हणजे त्रिकोणाचा शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड. इंग्रजीत तिला आणि मध्यकाला एकच शब्द आहे, मीडियन. त्यामुळे कोशातून उतरवून घेताना नको तो शब्द सहज हातात येतो.

यंत्राच्या भाषांतराने यात भर पडली आहे. हिंदीत रसायनशास्त्राच्या पॉलिमरला 'बहुलक' म्हणतात. मराठीत तो 'बहुवारिक', आणि बहुलक म्हणजे सांख्यिकीतला मोड, सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या. हिंदीवरून वळवलेल्या मजकुरात हा शब्द तसाच राहिला तर रसायनाच्या पेपरात सांख्यिकीचा शब्द उगवतो. वाणिज्य शाखेत तर आपली भाषा फारच श्रीमंत आहे. किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा, नावे-जमा. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हिशेब याच शब्दांवर चालत आले. भाषांतर करणारा 'तेरीज' सोडून 'चाचणी शिल्लक' असं काही लिहितो, तेव्हा मुलाला इंग्रजी ट्रायल बॅलन्सही आठवत नाही आणि मराठी तेरीजही.

प्रश्नपत्रिका काढताना सर्वांत मोठी चूक होते ती क्रमात. पेपर इंग्रजीत पूर्ण काढायचा आणि शेवटच्या दिवशी कुणाकडून तरी मराठी करून घ्यायचा. काढणाऱ्यानेच प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत एकापाठोपाठ लिहावा. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र अशा वर्णनात्मक विषयांत तर मराठी आधी लिहिलेलं बरं, कारण प्रश्नाचं क्रियापद तिथे नेमकं पकडावं लागतं. 'स्पष्ट करा', 'चर्चा करा', 'चिकित्सक परीक्षण करा' यांना वेगवेगळी उत्तरं येतात आणि गुणही वेगळे पडतात. इंग्रजीत 'अकाउंट फॉर' म्हणजे 'कारणे सांगा'. त्याचं 'हिशेब द्या' झालं की मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा प्रश्न कुणालाच सोडवता येत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांत 'नाही' या शब्दाकडे लक्ष हवं. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' यातला नकार वाक्याच्या शेवटी, साध्या टाइपात असतो. घाईत वाचणारा 'बरोबर' पाशीच थांबतो. इंग्रजीत तो शब्द ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापतात, तसा मराठीतही 'नाही' ठळक करून अधोरेखित करावा. पर्यायांचा क्रम दोन्ही भाषांत एकच हवा. मराठी मजकूर वेगळा टाइप होताना ब आणि क यांची अदलाबदल झाली की उत्तरसूची एका भाषेपुरती चुकते, आणि ते निकाल लागल्यावर कळतं. आकड्यांसाठी दोन्ही भाषांत एकच लिपी ठेवावी. दशांश चिन्ह, एकक, सूत्रं एकदाच टाइप करून दोन्हीकडे तीच चिकटवावीत.

टायपिंगचा दोष वरवर किरकोळ वाटतो, पण मुलांचा वेळ खातो तोच. मजकूर जुन्या श्रीलिपी पद्धतीच्या फॉन्टमध्ये असला आणि छापणाऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर ओळीच्या ओळी चिन्हांचा कचरा होतात. पूर्ण कचरा निदान दिसतो तरी. अर्धवट बिघाड, म्हणजे रफार पुढच्या अक्षरावर जाणं, 'ष्ट्र' तुटणं, 'ऱ्या'चा 'र्या' होणं, हे कुणाच्या नजरेत येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवावी, आणि मूळ लिहिणाऱ्याने शेवटची प्रत कागदावर वाचावी, पडद्यावर नाही.

नंतर मॉडरेटरने, म्हणजे काढलेला पेपर तपासून बघणाऱ्याने, फक्त मराठी भाग वाचावा. इंग्रजी झाकून. प्रश्न काय विचारतोय हे एका ओळीत लिहावं आणि मग इंग्रजीशी ताडून बघावं. मराठीवरून प्रश्न कळला नाही तर तो बदलायचा. 'संदेह असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा' अशी सूचना छापून ही जबाबदारी टळत नाही. त्या सूचनेचा अर्थ एवढाच होतो, की मराठीत वाचणाऱ्याने मराठीवर विश्वास ठेवू नये.

पेपर झाल्यानंतरची गाठ कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासतात त्या केंद्रावर, पडते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो, त्यामुळे तिथे कुणालाच उसंत नसते. उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर माध्यमाची चौकट असावी, आणि ती भरली आहे की नाही हे सुपरवायझरने सही करताना बघावं, बैठक क्रमांक बघतो तसंच. चौकट भरलेली असली की गठ्ठे माध्यमाप्रमाणे लावायला दहा मिनिटं पुरतात. आपले तपासणारे मराठीच बोलतात, त्यामुळे वाचता न येण्याचा प्रश्न नाही. अडतं ते शब्दांवर, आणि त्यावर उपाय आदर्श उत्तरातच करता येतो. जिथे परिभाषेवर गुण आहेत तिथे चालणारे सगळे शब्द लिहून द्यायचे. 'मध्य, मध्यमान, सरासरी, मीन: कोणताही चालेल. मध्यक, मध्यांक, मीडियन: कोणताही चालेल.' एका पेपरला असे चाळीस-पन्नास शब्द निघतात, दोन पानांत मावतात. विषयाचे दोन-तीन शिक्षक एका दुपारी बसले तर यादी तयार होते, आणि पुढच्या सेमिस्टरला तीच थोड्या फरकाने चालते.

मुलांनी स्वतःच्या बाजूने करायचं ते थोडं आहे, पण त्याने गुण वाचतात. पेपरभर एकच माध्यम ठेवा. महत्त्वाचा शब्द पहिल्यांदा येतो तिथे मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द एकदा लिहा आणि पुढे फक्त मराठी वापरा. कोणता शब्द चालेल अशी शंका असली तर व्याख्येची एक ओळ लिहा. 'मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या' एवढं लिहिलं की तपासणाऱ्याने कोणतंही पुस्तक वाचलेलं असो, त्याला ९ च शोधावे लागतात.