गाडी फलाटावर शिरताना
आज भुसावळला गाडीची वाट बघत होतो तर फलाटाच्या टोकाला कॅरेज-वॅगनचा, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या विभागाचा, एक कर्मचारी उकिडवा बसलेला, गाडी आत शिरताना त्याची नजर फक्त चाकांवर, खाली काही लोंबतंय का, चाक ठकठक वाजतंय का, आणि गाडी थांबल्यावर टेंपरेचर गन घेऊन एकेक ॲक्सल बॉक्स (चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, टोकाची बेअरिंगची पेटी) तपासत गेला. बेअरिंग तापून निकामी झालं की ॲक्सल तुटू शकतो, म्हणून हे. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

मला रेल्वेच्या सुरक्षिततेचा आढावा घेणारी काकोडकर समिती आठवली. डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष, २०१२ चा रिपोर्ट. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) पद्धतीच्या डब्यांऐवजी जर्मन रचनेचे एलएचबी डबे आणा, ते टक्कर झाली तरी सहसा एकमेकांवर चढत नाहीत, आणि सेफ्टीवर देखरेख करणारी यंत्रणा रेल्वे बोर्डाच्या बाहेरची हवी, असं स्पष्ट सांगितलेलं. डबे बदलले, चेन्नईच्या कारखान्यात २०१८ मध्ये जुन्या पद्धतीचे डबे बनणं थांबलं, चांगलंच झालं. पण त्या स्वतंत्र यंत्रणेबद्दल कुणी बोलतच नाही याचा खरंच राग येतो. नियम करणारा तोच, गाडी चालवणारा तोच आणि देखभाल नीट झाली की नाही हे ठरवणाराही तोच, असं कसं चालेल?

इथं कुणी कोचिंग डेपोत (डब्यांची देखभाल होते तिथं) काम करत असेल तर सांगा ना, पिट लाइनवर, म्हणजे डबे खालून तपासायला खड्डा असलेल्या रुळांवर, माणसं पुरतात का?