दहा नंबरला काहीच दुखत नव्हतं

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. नाना पेठ, भवानी पेठेकडचे रस्ते बंद, त्यामुळे सकाळच्या पाळीतल्या निम्म्या जणी उशिरा पोचल्या आणि साडेसातचा हँडओव्हर आठला संपला. सर्जिकल वॉर्डात नऊ आणि दहा नंबरच्या खाटांवर आदल्या दिवशीच्या दोन स्लीव्ह होत्या, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर कापून त्याची अरुंद नळी केलेल्या पेशंट. दोघींचं ऑपरेशन एकच, सर्जन एकच, पोटावर पाच-पाच छिद्रं. नऊ नंबरची हिंजवडीत नोकरी करणारी, चौतिशीतली. दहा नंबरच्या काकू बावन्न वर्षांच्या, नऱ्ह्याच्या, वजन १०४ किलो, साखर आणि बीपी दोन्ही.

नऊ नंबरने रात्रभर वॉर्ड जागवला होता. "सिस्टर, खांदा तुटतोय, पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो?" हा प्रश्न दर दुसरा पेशंट विचारतो. दुर्बिणीचं ऑपरेशन करताना पोट कार्बन डायऑक्साइडने पाऱ्याच्या १२ ते १५ मिलीमीटर दाबावर फुगवलेलं असतं. तो वायू नंतर काढतात, पण थोडा श्वासपटलाखाली उरतो. श्वासपटलाची नस मानेतून खाली येते आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही मानेच्या त्याच भागातून येते. मेंदूची गफलत होते आणि दुखणं खांद्यावर वाटतं. हे दोन-तीन दिवस टिकतं. त्यावर वेदनाशामक फारसं चालत नाही, चालणं चालतं. खांद्याला गरम पिशवी द्यावी, पोटावरच्या टाक्यांना अजिबात नाही.

तिचं दुसरं दुखणं बेंबीशेजारच्या मोठ्या छिद्राचं. कापलेलं जठर, म्हणजे मूळच्या पिशवीचा पाऊण हिस्सा, तिथूनच बाहेर काढतात. छिद्र ताणलं जातं आणि आत स्नायूच्या पडद्याला टाका पडतो. निजून राहिलं की काही नाही, कूस बदलली की कळ. पेशंट घाबरतात, "टाके तुटले" म्हणतात. तुटलेले नसतात, उठण्याची पद्धत चुकलेली असते. सरळ पाठीवरून उठून बसायचंच नाही. आधी पूर्ण कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, कोपराने गादी दाबत वर यायचं. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची.

तिसरा प्रकार छातीच्या मधोमध आवळल्यासारखा, तोंडाला फेसाळ थुंकी. उरलेली नळी दीडशे मिलीपेक्षाही कमी मावणारी, आतून सुजलेली. तिच्यात तहानेच्या भरात मोठा घोट गेला की ती पिळून निघते. आम्ही औषधाचं छोटं माप देतो, ३० मिली, आणि ते पंधरा मिनिटांत संपवायचं. घड्याळ लावून. नऊ नंबरने पहाटे अर्धी बाटली एका दमात प्यायली होती, उलटीचं कारण तिथेच सापडलं. खरं सांगायचं तर पहिल्या दोन दिवसांत टाक्यांपेक्षा मळमळीनेच माणसं जास्त हैराण होतात.

तिला सहा तासांनी पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून चालू होतं, वेदना फारच वाढल्या तर ट्रमाडॉल ५० मिलिग्रॅम. ट्रमाडॉलने मळमळ वाढते म्हणून सोबत उलटी थांबवणारं ऑनडॅनसेट्रॉन, आणि घोरण्याचा आजार असलेल्याला ट्रमाडॉल जपूनच. नातेवाईक हमखास विचारतात, डायक्लोफेनॅक का देत नाही, लवकर उतरतं. आमच्या वॉर्डात या पेशंटना ते देत नाहीत. जठराचा बायपास झालेल्याला जोडाजवळ अल्सर होण्याची भीती कायमची असते, आणि कापलेलं जठर जिथे स्टेपलने शिवलंय त्या ताज्या रेषेशेजारी रक्तस्राव वाढवणारं औषध कुणी मुद्दाम देत नाही.

नऊ नंबरचे आकडे मात्र छान. नाडी ८४, बीपी १२४/७८, लघवी भरपूर. तिला खाटेवरून उठवलं आणि कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या. आमचे वॉर्डबॉय मामा याला वारी म्हणतात, त्या दिवशी ते जरा जास्तच शोभलं. दुसऱ्या फेरीला खांदा हलका झाल्याचं तिने स्वतःच सांगितलं.

दहा नंबरच्या काकू शांत पडल्या होत्या. "काकू, दहापैकी किती दुखतंय?" "दोन असेल. माझं काही नाही, तुम्ही तिच्याकडे बघा." रात्रीच्या सिस्टरने तेच लिहिलं होतं: वेदना २, पेशंट आरामात. मॉनिटरची घंटी एकदाही वाजली नव्हती, कारण ती १२० वर लावलेली. नाडी ९८.

तक्त्यावर ९८ हा आकडा नजरेत भरत नाही. नऱ्ह्याच्या घरातून आलेल्या औषधांच्या डबीत मात्र मेटोप्रोलॉल होतं, ५० मिलिग्रॅम, बीपीसाठी, ऑपरेशनच्या सकाळीही एका घोटाबरोबर दिलेलं. ही गोळी हृदयाचा वेग दाबून ठेवते. भरतीच्या दिवशी काकूंची नाडी होती ६२. मग रात्रीच्या नोंदी ओळीने वाचल्या: सहा वाजता ६४, दहाला ७२, दोनला ८२, सहाला ९२, आता ९८. एकेक आकडा सुटा वाचला तर ठीक, एकाखाली एक वाचले तर जिना. बीपी, जे घरी १४० च्या आसपास असायचं, ते १०८ वर. लघवी शेवटचे तीन तास ताशी २० मिली, तीही गडद. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातलं रक्त-पाणी बाहेर आणणाऱ्या नळीच्या बाटलीत, फक्त ४० मिली, आणि त्यावरच सगळे निर्धास्त होते. ड्रेनचं तसंच असतं. आत गुठळी झाली की नळीचं तोंड बुजतं आणि बाटली कोरडी राहते. बाटलीत रक्त दिसलं तर ते खरं मानावं. नाही दिसलं म्हणून आत काही नाही, असं नसतं.

"काकू, चालायला येताय ना?" "नंतर. जरा गरगरतंय." बसतं केलं तर कपाळाला घाम, नाडी ११८. पापणीची आतली बाजू पांढुरकी, हात गार. परत आडवं केलं, पायाखाली उशा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम ट्रेमध्ये भरून ठेवलेलं होतं, आठचा डोस. तो हातात घेऊनही दिला नाही. डोस अडवल्याची वेळ लिहून आरएमओंना, म्हणजे निवासी डॉक्टरांना, फोन केला. या पेशंटना ते इंजेक्शन, पायातले घट्ट मोजे आणि ऑपरेशननंतर चार-सहा तासांत पहिलं चालणं हे सगळं अत्यावश्यकच आहे, कारण पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. पण आत रक्त गळत असताना तेच इंजेक्शन आगीत तेल.

रक्त पाठवलं. हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी १३.१, आता ९.४. पहिल्या चोवीस तासांत नाडी चढली तर आधी रक्तस्रावाचा विचार करायचा. स्टेपलची रेषा उसवून गळती होणं सहसा त्यापुढच्या दिवसांत, पेशंट घरी गेल्यावरसुद्धा. सर्जन आले, पोट तपासलं, सीटीची वाट न पाहता ऑपरेशन थिएटर लावायला सांगितलं. भूलतज्ज्ञ मॅडम गर्दीत गाडी सोडून चालत आल्या. रक्ताच्या दोन पिशव्या आदल्या दिवशीच क्रॉसमॅच करून, म्हणजे काकूंच्या रक्ताशी जुळवून, राखलेल्या होत्या, नाहीतर त्या रस्त्यांतून आणायच्या कशा हा प्रश्नच होता. काकूंचे यजमान पालखीच्या दर्शनाला गेलेले. फोनवर टाळ-मृदंगाच्या आवाजात त्यांना तीनदा सांगावं लागलं.

पावणेअकराला त्याच छिद्रांतून पुन्हा दुर्बीण. आत सुमारे ७०० मिली रक्त आणि गुठळ्या. रेषेच्या वरच्या टोकाला, प्लीहेच्या बाजूला, एक बारीक रक्तवाहिनी झिरपत होती. एक क्लिप, वर दोन टाके, पोट धुऊन काढलं. भुलीत रक्तदाब उतरलेला असतो तेव्हा असं टोक कोरडं दिसतं. पेशंट जागा होतो, बीपी वर जातं आणि ते गळायला लागतं.

मग त्यांना दुखत का नव्हतं? पोटात साचलेलं ताजं रक्त, जठराच्या आम्लासारखं किंवा पित्तासारखं, भाजत नाही. त्यात मधुमेह जुना, आणि स्वभाव सोसायचा. "लोकांना त्रास नको" म्हणून बटण न दाबणाऱ्या काकू प्रत्येक वॉर्डात असतात. ओरडणाऱ्या पेशंटची मला काळजी कमी वाटते.

नऊ नंबर तिसऱ्या दिवशी घरी गेली. सहाव्या दिवशी तिचा फोन: छातीत अडकलंय, पांढरा फेस येतोय. काय खाल्लं? मऊ गुरगुट्या भात, दोन चमचे. दोन आठवडे फक्त पातळ, म्हणजे ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, प्रोटीन पावडर, नाचणीची पातळ पेज. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्यापासून मऊ, भात-पोळी त्यानंतर. दिवसाला प्रोटीन ६० ते ८० ग्रॅम. पाणी दीड लिटरच्या आसपास, पण घोटाघोटाने. भाताच्या गोळ्यावर गरम पाणी पिऊन तो ढकलायचा नाही, थांबायचं. तासाभरात तो आपोआप उतरला. तिला दुसरं कौतुक होतं ते स्कूटरचं. सहाव्या दिवशी तिला दुखत नव्हतं, त्यामुळे जायचं होतं. वेदना चार-पाच दिवसांत विरतात, आतला पडदा सांधायला मात्र चार ते सहा आठवडे घेतो. खुर्चीतलं काम दोन आठवड्यांनी चालतं. पण स्कूटर मेन स्टँडला लावणं, भरलेली बादली, १४.२ किलोचा गॅस सिलिंडर, कडेवरचं मूल, यातलं काही दीड महिना नाही. पाच किलोवरचं सगळं दुसऱ्याने उचलायचं. त्या मोठ्या छिद्रातून हर्निया येतो तो याच घाईने.

काकूंना सहाव्या दिवशी सोडलं. दुसऱ्या ऑपरेशनचं दुखणं फार नव्हतं, थकवाच जास्त. हिमोग्लोबिन भरायला महिने लागतात, आणि लोखंडाची मोठी गोळी इतक्यात गिळवत नाही, म्हणून सिरप, कॅल्शियमपासून दोन तास लांब. डिस्चार्ज कार्डावर नेहमीचं लिहिलं: ताप १०१ च्या वर, पिंढरी सुजणं, धाप लागणं, पाणीही न टिकणं, किंवा कमी होत आलेलं दुखणं परत वाढणं, यातलं काही झालं तर रात्री दोनलासुद्धा यायचं. त्यांच्या कार्डावर लाल पेनने आणखी एक ओळ: मेटोप्रोलॉल चालू, नेहमीची नाडी ६२, ९० झाली तरी फोन.

चौदाव्या दिवशी त्या तपासणीला आल्या तेव्हा पिशवीतून भिंतीवरची दिनदर्शिकाच काढली. दुधाच्या हिशोबाशेजारी, प्रत्येक चौकटीत तीन आकडे बारीक अक्षरात: ६६, ७०, ६४. एका चौकटीत ८८ होता आणि त्याला गोल केलेला.

"हे काय काकू?"

"त्या दिवशी जिना चढून आले आणि लगेच मोजली. पुन्हा बसून मोजली, ती मागच्या पानावर आहे."